अप्रेंटिसशिप असलेली आयटीची पदवी करताना काम आणि अभ्यास दोन्ही कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याजवळच्या गावात बारावी सायन्स झालं, बीएस्सी आयटीला प्रवेश मिळतोय, त्यातली काही सेमिस्टर जळगावच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून काढायची आहेत आणि घरचे म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या होतील." मी याच वाटेने पदवी घेतली. पाचोऱ्याहून रोज रेल्वेने जळगाव, पाईपच्या कारखान्यात आयटी विभाग, आणि सोबत विद्यापीठाच्या परीक्षा. जमतं भाऊ. फक्त भिंतीवर वेळापत्रक चिकटवून जमत नाही. सर्व्हर बसला की त्या दिवसाचं वेळापत्रकही बसतं.

काम एकीकडे आणि अभ्यास दुसरीकडे राहिला की माणसाची ओढाताण होते. म्हणून कामातून जेवढा अभ्यास निघतो तेवढा तिथेच काढून घ्यायचा आणि जो निघतच नाही त्याच्यासाठीच घरचा वेळ राखायचा. माझं सगळं यावर चाललं.

उदाहरण देतो. आमच्या स्टोअरचा साठा रिपोर्टमध्ये प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसायचा. गोडाऊनवाले म्हणायचे माल एवढा नाहीच. शोधल्यावर कळलं की आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, एकाच कोडच्या दोन नोंदी होत्या, त्यामुळे दोन टेबलं जोडली की प्रत्येक ओळ दोनदा यायची आणि आकडा दुप्पट व्हायचा. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) का लागते, नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा राहू नये अशी टेबलांची मांडणी) कशासाठी, हे मला त्या दिवशी जेवढं समजलं तेवढं पुस्तकाच्या चार प्रकरणांतून समजलं नसतं. महिनाअखेरचा रिपोर्ट रडतखडत चालायचा, तेव्हा इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधून देणारी सूची, शिकलो. हजेरीच्या मशीनला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळेना, तेव्हा डीएचसीपी (हे पत्ते आपोआप वाटणारी सोय) आणि सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग). संध्याकाळी परतताना त्या दिवशी काय बिघडलं, का बिघडलं आणि ते अभ्यासक्रमातल्या कोणत्या टॉपिकमध्ये बसतं, एवढं वहीत मराठीत लिहून ठेवायचो. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, वेळी तीच वही उपयोगी पडली, कारण परीक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला मी कारखान्यातलं उदाहरण देऊ शकायचो. ही वही तुम्ही पहिल्या आठवड्यापासून ठेवाच.

आता जे कामातून निघत नाही ते. डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीमची थिअरी. कंपनीत बायनरी ट्री कोणी विचारत नाही. या विषयांना ताजं डोकं लागतं आणि ते फक्त सकाळी असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो, पत्र्याचं घर रात्री उशिरापर्यंत तापलेलं, वरून लाईट गेली की संपलंच. नेमक्या त्याच दिवसांत सेमिस्टर परीक्षा. पहाटे गच्चीवर बसून गणितं सोडवायची, हा खानदेशातला खरा उपाय आहे. गाडीत उभ्याने जड अभ्यास होत नाही, तिथे नेटवर्कही धरत नाही. ‘स्वयं’ (SWAYAM) या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरची व्याख्यानं आदल्या रात्री डाउनलोड करून फक्त ऐकायची. ‘स्वयं’चे काही कोर्स पदवीच्या क्रेडिटलाही (अभ्यासाच्या गुणांकांना) धरता येतात, कॉलेजात विचारा.

साहेबांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मुलं इथेच गप्प बसतात. ज्यांच्या हाताखाली काम कराल त्यांना तुमची परीक्षा कधी आहे हे माहीत नसतं. सेमिस्टर सुरू झालं की तारखा ईमेलने कळवा, तोंडी नको. मार्चअखेरीस स्टॉक मोजणी आणि कॉलेजची इंटर्नल परीक्षा एकत्र येतात, त्याबद्दल फेब्रुवारीतच बोला. आणि कायदा माहीत असू द्या: 1961 च्या अप्रेंटिस कायद्याच्या 15 व्या कलमाप्रमाणे अप्रेंटिस सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. भांडायला जाऊ नका. पण रोज रात्री आठपर्यंत थांबवून घेत असतील तर हे नम्रपणे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तुम्ही तिथे शिकाऊ आहात.

घरचं मात्र कोणत्याही कलमात बसत नाही. स्टायपेंड सुरू झाला की गावात "पोरगं नोकरीला लागलं" असं होतं आणि मग दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला मजूर मिळेना की रविवारी वावरात हाक येते. उन्हाळ्यात लग्नं, हळदी, मान. वेचणीला मी जायचो, कारण त्या कापसावरच माझी फी भरली गेली होती. लग्नांना नाही जायचो. काही नातेवाईक रुसले. परीक्षेच्या महिन्यात घरात एका माणसाने तुमची बाजू घ्यावी लागते. माझ्यासाठी ते काम आईने केलं. तुम्ही असं माणूस आत्ताच हेरून ठेवा.

पैशाचं थोडक्यात: 2019 च्या नियमांत पदवीच्या अप्रेंटिसला महिन्याला किमान 9,000 रुपये ठरले होते. सध्याचा आकडा एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर पाहा.

प्रवेश पक्का करण्याआधी कॉलेजात जाऊन कंपनीशी झालेला करार दाखवा म्हणा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत अशी अप्रेंटिसशिप एक ते तीन सेमिस्टरची असते आणि तिचे क्रेडिट मिळतात, तेव्हा तुमच्याकडे किती सेमिस्टर, किती क्रेडिट आणि गुण कोण देणार हे लेखी असायला हवं. त्या कंपनीत आधी गेलेल्या मुलाला गाठा आणि एकच विचारा: दिवसभर काय करायला देतात? उत्तर "बिलं टाईप करायला" असं आलं तर दुसरी कंपनी मागा, कारण तशा कामातून अभ्यास निघणार नाही आणि मग खरंच चिंध्या होतील. आणि चोपड्याला रेल्वे नाही, रोज एसटीने जळगाव गाठून परत येण्यात तुमची सकाळ जाईल. दोघं-तिघं मिळून जळगावात खोली घ्या, घरी शनिवारी जा.