वय १२, आजार क्रोन्स: सुरुवात कशाने करायची?

प्रश्न: माझा मुलगा १२ वर्षांचा, वजन २९ किलो. वर्षभर पोटदुखी, जुलाब. दीड वर्षात उंची जेमतेम एक सेंटिमीटर वाढली. दुर्बिणीच्या तपासणीत क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण आणणारा दीर्घकाळचा आजार, निघाला. डॉक्टरांनी तीन पर्याय दिलेत: काही आठवडे फक्त पेय-आहार, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला कडक औषधं नकोत. काय करू? – एक आई, नाशिक

उत्तर: आधी एक पक्कं करून घ्या, हा आतड्याचा क्षय तर नाही ना? दोन्ही आजार बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी व्रण करतात आणि बायोप्सीतूनही कधी कधी निकाल लागत नाही. क्षय असताना स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब दिलं, तर तो अंगभर पसरू शकतो. बायोप्सीच्या तुकड्यावर क्षयाची तपासणी झाली का, छातीचा एक्स-रे काढला का, हे विचाराच.

सासूबाईंची काळजी रास्त आहे, फक्त रोख चुकलाय. वाढत्या वयात सगळ्यांत महागात पडतात त्या साध्या दिसणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या. प्रेडनिसोलोन किलोमागे १ मिग्रॅ, म्हणजे रोज साधारण ३० मिग्रॅ. आराम लवकर पडतो, पण आतले व्रण भरतीलच असं नाही आणि उंची आणखी खुंटते. त्यातून बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या, तर जिवावर बेतू शकतं. त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात.

म्हणून मुलांमध्ये सुरुवातीला पसंती पेय-आहाराला. ६ ते ८ आठवडे जेवण पूर्ण बंद, सगळं पोषण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पावडरमधून. या वजनाला दिवसाला दोन लिटरच्या आसपास लागतं. नेमकं माप आहारतज्ज्ञ ठरवतील. दोन-तीन दिवसांत वाढवत तिथवर न्यायचं. कोमट पाण्यात पावडर टाकून ढवळा, उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात. मग फ्रीजमध्ये गार करून, झाकणाच्या ग्लासात, स्ट्रॉने द्या. वास कमी येतो. २५० मिलीचे आठ ग्लास करा, त्यातले दोन शाळेत, वर्गशिक्षकांना आधी सांगून. बिघडतं ते बहुधा पहिल्या आठवड्यात: ‘अर्धीच पोळी’, आजीने दिलेलं बिस्किट. अर्धं जेवण, अर्धी पावडर याने तितका गुण येत नाही. नाचणीची आंबील किंवा मिल्कशेकही पर्याय नव्हे. पिववतच नसेल, तर नाकातून नळीने देता येतं. मूल फारच वाळलेलं असेल, तर सुरुवातीला रक्तातलं फॉस्फेट तपासावं लागतं. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर ताणू नका.

गुदद्वाराशी भगंदर असेल, तर थेट इन्फ्लिक्सिमॅब. उंची इतकी अडलेली असताना तुमच्या डॉक्टरांनी पहिल्यापासूनच ते सुचवलं, तरी त्यांना घाईचा दोष देऊ नका. हाडांचं वय पाहून घ्या. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या चकत्या जुळल्या की गेलेली उंची परत येत नाही.

इन्फ्लिक्सिमॅबचा डोस किलोमागे ५ मिग्रॅ, म्हणजे १४५ मिग्रॅ. कुपी १०० मिग्रॅची, त्यामुळे खर्च दोन कुप्यांचा धरा. सलाइनमधून, पहिल्या दिवशी, मग त्यापासून दोन आणि सहा आठवड्यांनी, पुढे दर आठ आठवड्यांनी. भारतात बनणारी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच बनवलेली औषधं, स्वस्त पडतात. पहिल्या डोसआधी सुप्त, म्हणजे लक्षणं न दाखवणाऱ्या, क्षयाची चाचणी हवीच. कांजिण्या आणि गोवराची लस राहिली असेल, तर ती किमान चार आठवडे आधी घ्यावी. औषध सुरू झाल्यावर जिवंत लस चालत नाही.

पेय-आहार संपला की आजार दबलेला ठेवायला पुढचं औषध तयार हवं. अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी ठरली, तर ती पेय-आहाराच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू करतात, कारण तिचा असर दिसायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी एनयूडीटी१५ ही जनुकीय चाचणी करता येईल का, विचारा. काही मुलांच्या पांढऱ्या पेशी या गोळीने झपाट्याने उतरतात आणि केस पुंजक्याने गळतात.