सबक्वेरीला 'उपप्रश्न' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की डेटाबेसच्या मराठी नोट्समध्ये सबक्वेरीला, म्हणजे एका क्वेरीच्या (डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या आज्ञेच्या) आत लिहिलेल्या दुसऱ्या क्वेरीला, 'उपप्रश्न' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते नको. उपप्रश्न म्हटलं की डोळ्यासमोर प्रश्नपत्रिकेतले अ, ब, क येतात, ते एकाखाली एक असतात, ब सोडला तरी क चं काही अडत नाही. सबक्वेरी तशी नाही, ती मोठ्या क्वेरीच्या पोटात बसलेली असते आणि तिचं उत्तर हातात आल्याशिवाय बाहेरच्या क्वेरीच्या ओळी (तक्त्यातल्या नोंदी) गाळताच येत नाहीत. आणि पोटातल्या गोष्टीसाठी आपल्याकडे 'पोट' आहेच की, पोटकलम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू... म्हणून मी 'पोटक्वेरी' लिहितो, अर्धा शब्द इंग्रजी आहे पण समजावत बसावं लागत नाही.

पण नावापेक्षाही मला 'आपापल्या' हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा अ तुकडीत दोन मुलं, मार्क ४० आणि ६०, ब तुकडीत ७० आणि ९०. 'सरासरीपेक्षा जास्त मार्क असलेली मुलं काढा' म्हटलं तर चौघांची सरासरी ६५, म्हणजे ७० आणि ९० वाले येणार. ही सरासरी थेट व्हेअरमध्ये (क्वेरीत ओळी निवडायची अट जिथे लिहितात तिथे) लिहून चालत नाही कारण व्हेअर एकेक ओळ तपासत जातं आणि सरासरी तर सगळ्या ओळी बघितल्याशिवाय निघत नाही, म्हणून ती कंसात वेगळं सिलेक्ट, म्हणजेच पोटक्वेरी, लिहून काढायची. आता तेच वाक्य 'आपापल्या तुकडीच्या सरासरीपेक्षा जास्त' असं करा. अ ची सरासरी ५०, ब ची ८०, आणि निकालात येतात ६० आणि ९०! ७० वाला बाहेर गेला, ६० वाला आत आला, बदलला काय तर दोन शब्द. क्वेरीत त्यासाठी 'आतली तुकडी बरोबर बाहेरची तुकडी' ही अट कंसाच्या आत घालावी लागते, म्हणजे बाहेरची ओळ बदलली की आतलं उत्तरही बदलतं.

याला कोरिलेटेड सबक्वेरी म्हणतात. 'सहसंबंधित' हा प्रतिशब्द चूक नाही पण तो वाचून काय करायचं ते कळत नाही, मी 'ओळीगणिक पोटक्वेरी' म्हणेन, गावागणिक, माणसागणिक म्हणतो तसंच.

आणि उदाहरणं लिहिताना 'त्यांच्या तुकडीच्या' असं लिहू नका, त्यातून सगळ्यांची तुकडी एकच आहे असाही अर्थ निघतो, 'आपापल्या'च लिहा.