वाचकांचे प्रश्न: छोटा रिफ्रॅक्टर आणि सूर्य

प्रश्न: माझ्याकडे ७० मिमी व्यासाचा, ७०० मिमी फोकल लेंथचा रिफ्रॅक्टर (भिंगाचा टेलिस्कोप) आहे. बॉक्समध्येच आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा एक छोटा काळा फिल्टर मिळाला, त्यावर 'सन' लिहिलंय. तो वापरला तर चालेल का? डीएसएलआर कॅमेरा लावून सूर्यावरच्या डागांचे फोटो काढले तर सगळं पुसट येतं. मोठा टेलिस्कोप घ्यावा का?

उत्तर: तो फिल्टर आजच फोडून कचऱ्यात टाका. नुसता टाकू नका, फोडून टाका, नाहीतर घरातलंच कुणीतरी उचलून लावेल. लेन्सने गोळा केलेलं सगळं ऊन जिथे एकवटतं तिथेच तो बसतो, तापतो आणि कधी तडकेल ते सांगता येत नाही, आणि डोळ्याच्या पडद्याला भाजतं तेव्हा दुखतसुद्धा नाही. फिल्टर हवा तो पुढे, मोठ्या लेन्सच्या आधी. बाडर कंपनीच्या ॲस्ट्रोसोलर नावाच्या सूर्य-फिल्टरच्या फिल्मवर ५.० लिहिलेलं असेल तीच डोळ्यांसाठी, ती एक लाखातला एकच भाग प्रकाश आत सोडते. ३.८ वाली फक्त फोटोसाठी, तिच्यातून बघायचं नाही. दरवेळी लावायच्या आधी बारीक भोकं पडलीत का ते बघा आणि कडेने टेप मारा, वाऱ्याने उडाली तर संपलं.

फाइंडर, म्हणजे नळीवरची ती नेम धरायची छोटी दुर्बीण, विसरू नका बरं का. मी एकदा झाकण लावायला विसरलो, तर आतली क्रॉसहेअरची तार वितळून लोंबकळली, नशीब डोळा तिथे नव्हता. तो सरळ काढूनच ठेवा. सूर्य सापडवायला नळीची जमिनीवरची सावली बघायची, ती सगळ्यात छोटी झाली की सूर्य आयपीसमध्ये आला समजा.

आता पुसट फोटो. मोठ्या टेलिस्कोपने हे सुटणार नाही. ७०० मिमीला सूर्याचं चित्र सेन्सरवर साधारण साडेसहा मिमीचं पडतं, म्हणजे पूर्ण चकती आरामात मावते, आणि ७० मिमी व्यासाला सूर्यावरचं सव्वा हजार किमीच्या आसपासचं बारकावं दिसू शकतं. डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी झालर वेगवेगळी दिसायला हे भरपूर आहे. दाणेदार पृष्ठभाग मात्र कसाबसाच, तेवढ्यासाठी जीव टाकू नका. खरा घोळ हवेचा असतो, दुपारी जमीन, भिंती, छप्पर तापलं की गरम हवा उकळल्यासारखी वर येते. सकाळी सूर्य जरा वर चढला की लगेच बसा, शक्यतो गवतावर, आणि छपराच्या वरून बघणं टाळा.

फोकस ऑटोवर नको. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, एखाद्या डागाची कड धरा, फोकसचा नॉब पुढे न्या, डाग फिसकटला की मागे या, असं दोनचारदा करून मधे थांबा. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून डोक्यावरून काळं कापड घ्या, वेडे दिसाल पण फोकस मिळेल. आयएसओ १०० आणि शटर १/२५० पासून सुरू करून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आपटणार नाही इतपत ठेवा. एका फोटोवर विसंबू नका, मिनिट दीड मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि ऑटोस्टॅकर्ट या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये टाका, तो चांगल्या फ्रेम निवडून एकत्र करतो. फरक बघून स्वतःच चाट पडाल.

आणि हो, पाठवलेल्या फोटोतला खालचा गोल ठिपका मला सौरडाग वाटत नाही. कॅमेरा ड्रॉट्यूबमध्ये (फोकसच्या सरकत्या नळीत) जरा फिरवून परत फोटो काढा. ठिपका फ्रेममध्ये होता तिथेच राहिला तर ती सेन्सरवरची धूळ, सूर्यासोबत फिरला तर डाग.

प्रश्न: फिल्म लावूनही कडेच्या लाल ज्वाळा दिसत नाहीत. फिल्म खराब आहे का?

उत्तर: नाही हो, फिल्म ठीकच आहे. ती सगळे रंग जवळपास सारखेच दाबते, मग झगमगाटात ज्वाळा बुडून जातात. त्या हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेत दिसतात, आणि त्यासाठी एक दशांश नॅनोमीटर किंवा त्याहून अरुंद पट्टाच सोडणारा एच-अल्फा सोलर टेलिस्कोप लागतो, तो वेगळाच खर्च. रात्री तेजोमेघांसाठी वापरतात तो एच-अल्फा फिल्टर यासाठी अजिबात नाही, नाव सारखं असलं तरी त्याचा पट्टा कितीतरी रुंद असतो आणि सूर्यासमोर डोळा जाईल.