बाद स्लॅबची खडी आणि ताणलेल्या तारा

प्रश्न : आमच्या प्रीकास्ट (काँक्रीटचे भाग आधीच ओतून तयार करणाऱ्या) कारखान्यात बाद झालेले पोकळ स्लॅब साचत राहतात. ते फोडून त्यांची खडी नव्या प्रीस्ट्रेस्ड (आत ताणलेल्या पोलादी तारा असलेल्या) स्लॅबमध्ये वापरावी का? चाचणीत क्यूबची (त्या काँक्रीटच्या घनाकृती ठोकळ्याची) दाब सोसण्याची ताकद पुरेशी आली आहे. – एक उत्पादन अभियंता

उत्तर : ही खडी कोणत्या काँक्रीटपासून निघाली हे आपल्याला नेमके ठाऊक आहे, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. पाडलेल्या इमारतीच्या राडारोड्यात विटा, जिप्सम, लाकूड असे काहीही असते. तसा राडारोडा यात मुळीच मिसळू नये, कारण त्यातून क्लोराइड आले तर ताणलेल्या तारांना गंज लागण्याचा धोका वाढतो.

मात्र क्यूबच्या ताकदीवर विसंबून निर्णय घेऊ नये. पुनर्वापराच्या खडीच्या दाण्यांना जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने खडी पाणी अधिक शोषते आणि तिचे काँक्रीट भाराखाली अधिक दबते, अधिक आकसते. साध्या प्रीकास्ट ब्लॉकला याचे फारसे सोयरसुतक नसते. प्रीस्ट्रेस्ड स्लॅबमध्ये मात्र काँक्रीट जितके आखडते तितकी तार सैल पडते. समजा, तारांच्या पातळीवर काँक्रीटमध्ये १० मेगापास्कल दाब आहे आणि तारेचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, १९५ गिगापास्कल आहे. ताण सोडताना, म्हणजे ताणलेल्या तारा मोकळ्या करून त्यांचा ताण काँक्रीटवर देताना, काँक्रीटचा गुणांक ३० गिगापास्कल असेल, तर तारेतला ताण तत्क्षणी ६५ मेगापास्कलने घटतो. या खडीमुळे तोच गुणांक २४ वर आला, तर घट ८१ वर जाते. पुढे आकुंचन लांबीच्या दहा हजारांश भागाने जरी वाढले, तरी आणखी सुमारे २० मेगापास्कल जातात. क्यूब यातले काहीच सांगत नाही.

म्हणून सुरुवात जाड खडीच्या दहा टक्क्यांपासून करावी, असे माझे मत आहे. क्रशरमधून आलेल्या मालातले तारांचे तुकडे चुंबकाने काढावेत, चार मिलिमीटरखालचा चुरा वगळावा आणि खडी आधी भिजवून, वरचे पाणी निथळल्यावर मिक्सरमध्ये घालावी. पोकळ स्लॅबचे मिश्रण मुळातच इतके कोरडे असते की खडीने थोडे पाणी ओढले तरी पोकळ्यांमधल्या भिंती फाटतात. ताण सोडण्याच्या वेळी सिलिंडरवर स्थितिस्थापकता गुणांक मोजावा, आणि नेहमीच्या स्लॅबशेजारी नवे स्लॅब ठेवून दोन्हींच्या कॅम्बरची (तारांच्या ताणामुळे वर आलेल्या बाकाची) काही महिने नोंद ठेवावी. शेजारी बसणाऱ्या दोन स्लॅबांचा कॅम्बर जुळला नाही, तर ग्राहकाची तक्रार ताकदीच्या आधी त्याबद्दल येईल.