जुन्या वॅगनआरचे ॲव्हरेज अकरावर आले आहे. घाटात न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचेल का?

आपली गाडी २००५ सालची पेट्रोल वॅगनआर असून तिचे ॲव्हरेज अकरावर आले आहे, असे आपण लिहिले आहे. एअर फिल्टर, प्लग आणि चाकांतील हवा आपण पाहिलीच असेल, असे धरून चालतो. न्यूट्रलवरून मात्र आमच्या घरात वर्षानुवर्षे वाद चालू असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमचे दाजी खानापूरचे, आणि त्यांच्याकडेही याच पिढीची वॅगनआर. जांबोटी, कणकुंबीमार्गे गोव्याला जाताना चोर्ला घाटाचा उतार सुरू झाला, की ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकत आणि समोर वाहन नसेल तर इंजिनही बंद करत. "उतार देवानं फुकट दिलाय, त्यावर पेट्रोल कशाला जाळायचं?" हे त्यांचे ठरलेले वाक्य. वॅगनआरसारख्या इंजेक्शनच्या गाडीत (जिथे पेट्रोल संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून सुटते) गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि गाडीतील संगणक इंजेक्टर बंद ठेवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते पेट्रोल जळतच राहते, हे मी त्यांना अनेकदा समजावले. इंजिनच बंद केले, तर दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर बूस्टरमधील, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागातील, व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. एकदा केरीला उतरेपर्यंत ब्रेकचा असा करपट वास सुटला, की अक्काने गाडी थांबवायला लावली. दाजींनी दोष ब्रेकपॅडच्या दर्जाला दिला.

एवढे करूनही ॲव्हरेज वाढेना, म्हणून त्यांनी पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक आणले, नंतर टाकीत ओतायच्या बाटल्या आणल्या. हा सारा पैसा पाण्यात गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. खरे कारण डॅशबोर्डवरच दिसत होते: कितीही अंतर कापले तरी टेंपरेचरचा काटा पाव भागाच्या वर चढत नव्हता. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप. तिचे हाउसिंग उघडले तेव्हा आत थर्मोस्टॅटच नव्हता. गाडी गरम होते, अशी तक्रार केल्यावर कुठल्याशा मेकॅनिकने तो काढून टाकला होता, आणि ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी ती झडप नसेल, तर विशेषतः बेळगावच्या पावसाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही, आणि ते अजून थंड आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर ॲव्हरेज सुधारले. दाजी त्याचे श्रेय अजूनही न्यूट्रललाच देतात.

तेव्हा आपणही आधी काटा पाहावा. त्यानंतर गाडी बरीच चालवून थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले असेल, तर तिथे ब्रेक धरत आहे. आमच्याकडच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कॅलिपरच्या पिना गंजून हे हमखास होते. ॲव्हरेज मोजायचे ते टाकी फुल ते टाकी फुल, काट्याच्या अंदाजाने नव्हे.

घसरणीतील थोडा वाटा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या २० टक्के इथेनॉलचाही आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, आणि शुद्ध पेट्रोलसाठी बांधून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच धरलेली आहे. त्यावर उपाय नाही. आणि चिकोडी-निपाणीच्या उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलची तक्रार करायची तरी कोणाकडे?

एक सांगायचे राहिले. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० ला पेट्रोल तोडण्याची वरील गोष्ट लागू नाही. तिथे उतारावर गिअर ठेवायचा तो ब्रेक वाचवण्यासाठी. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, एवढे तरी दाजींनी मान्य करायला हरकत नाही.