वाचकांचे प्रश्न : पट तिरका धरा, मग कॅमेरा खरं बोलेल

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची पेढी आहे. पट्ट्यावरून जाणाऱ्या हळकुंडांची लांबी मोजायला मुलानं 60 सेंटिमीटर उंचीवर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा हाय क्वालिटी कॅमेरा बसवलाय, 6 मिमीची लेन्स लावून. पट्ट्याच्या मधोमध आकडा बरोबर येतो, तेच हळकुंड कडेला सरकवलं की आखूड भरतं. म्हणून त्यानं चेसबोर्डचा पट छापला, पट्ट्यावर ठेवून इकडेतिकडे सरकवत भरपूर फोटो काढले आणि ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन केलं. एरर 0.2 पिक्सेल येतो, पण फोकल लेंग्थ दर वेळी निराळी निघते. आणखी फोटो काढायला हवेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आणखी फोटो नकोत. जे काढलेत तेही बाजूला ठेवायला सांगा. दुखणं तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे : ‘पट्ट्यावर ठेवून’.

आधी कडेचं हळकुंड आखूड का दिसतं ते सांगते. रुंद कोनाची लेन्स कडेचं चित्र आतल्या बाजूला दाबते, त्यामुळे तिथला मिलिमीटर कमी पिक्सेलमध्ये मावतो. हा बाक किती आहे, फोकल लेंग्थ (लेन्स वस्तू किती मोठी दाखवते ते माप) किती आणि लेन्सचा मध्य चित्रात नेमका कुठं पडतो, हे तिन्ही कॅलिब्रेशननं काढायचं असतं. चौकोनांचे कोपरे प्रत्यक्षात कुठं आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. ते चित्रात कुठं पडले हे प्रोग्राम शोधतो आणि त्यावरून लेन्सचा हिशेब लावतो. हिशेबानं आलेली जागा आणि चित्रातली जागा यांत जो सरासरी फरक उरतो, तो एरर.

आता तुमचा पट बघा. तो पट्ट्यावर आडवा आणि कॅमेरा सरळ खाली बघणारा. अशा वेळी 60 सेंटिमीटरवरची 6 मिमीची लेन्स आणि 120 सेंटिमीटरवरची 12 मिमीची लेन्स पटाचं अगदी एकच चित्र देतात. पट कितीही सरकवला, जागच्या जागी फिरवला, तरी हा गोंधळ सुटत नाही. प्रोग्राम तक्रार करत नाही, फोटोंशी जुळणारी फोकल लेंग्थ आणि अंतराची कुठलीतरी एक जोडी उचलून देतो. दिलेल्या फोटोंशी ती जुळते, म्हणून एरर छोटा. त्या 0.2 चा अर्थ एवढाच. लेन्स खरोखर तशी आहे, असं तो आकडा सांगत नाही. माझ्या कुपवाडच्या वर्कशॉपात कॅमेरे घेऊन येणारी पोरं एररचा आकडा आधी दाखवतात, आणि मी आधी फोटो मागते.

पटावरून कॅलिब्रेशन करायची ही पद्धत संशोधक झेंगयू झांग यांची. 1998 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना त्यांनी ती मांडली, 2000 साली शोधनिबंध छापून आला. त्याआधी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन-तीन पृष्ठभागांचा नेमका घडवलेला महागडा साचा लागायचा. झांग यांनी एका सपाट छापील नमुन्यावर काम भागवलं, अट एकच : तो निदान दोन वेगवेगळ्या कोनांत धरलेला दिसला पाहिजे. आधीच्या जागेला समांतर ठेवलेल्या पटातून नवीन काहीच कळत नाही, हे त्या निबंधातच सिद्ध केलेलं आहे. आणि त्यांच्या प्रत्यक्ष प्रयोगात फोटो किती होते? पाच. लेन्सही तुमच्यासारखीच 6 मिमीची.

तेव्हा मुलाला सांगा, पट पट्ट्यावरून उचल. कॅमेऱ्याखाली तो डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे असा 30 ते 45 अंशांत कललेला हवा. हातात धरला तर थरथरतो आणि कोपरे पुसट होतात, म्हणून लाकडाचे ठोकळे लावून टेकवा. काही फोटोंत पट चित्राच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोचू द्या, कारण लेन्सचा बाक तिथंच जास्त असतो आणि तुमची तक्रारही तिथलीच आहे. पंधरा-वीस चांगले फोटो पुष्कळ झाले. कललेल्या पटाचं एक टोक धूसर येत असेल तर लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) थोडं बंद करा, दिवा वाढवा. फोकसची रिंग मात्र एकदा जुळवली की तिचा बारीक स्क्रू आवळून टाका. रिंग हलली की केलेलं कॅलिब्रेशन फुकट गेलं.

पटाबद्दल मी हट्टी आहे. फ्लेक्सवर छापू नका, तो ताणला जातो. नुसता कागद प्लायवर चिकटवला तर पावसाळ्यात पोपडे धरतो. झांग यांनी नमुना छापून काचेवर लावला होता, तुम्हीही काचवाल्याकडून जाड काच कापून आणा, नाहीतर दुकानांच्या पाट्यांना लावतात ती एसीपी शीट घ्या. ए-थ्री कागदावर 35 मिमीचे 10 बाय 7 चौकोन बसतात आणि भोवती पांढरी कडही राहते. ती लागतेच. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. मग स्टीलची पट्टी लावून सात चौकोन मोजा : 245 मिमी भरले पाहिजेत, आडवे आणि उभे दोन्हीकडे. सगळे चौकोन सारखेच थोडे लहान आले तर फोकल लेंग्थला धक्का लागत नाही, फक्त अंतरं चुकतात. पण आडवं माप एक आणि उभं दुसरं आलं तर तो कागद फाडून टाका. चकचकीत लॅमिनेशनही नको, दिव्याची तिरीप नेमकी कोपऱ्यावर बसते. आणि प्रोग्रामला 10 बाय 7 सांगायचं नसतं, आतले कोपरे सांगायचे : 9 बाय 6.

उत्तर पडताळायची सोय तुमच्या हातात आहे. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल 1.55 मायक्रॉनचा. लेन्सची फोकल लेंग्थ 6 मिमी, तिला त्यानं भागा, 3871 पिक्सेल येतात. पूर्ण 4056 बाय 3040 चित्रावर फोकल लेंग्थ त्याच्या आसपास यायला हवी, निम्म्या आकाराच्या चित्रावर तिच्या निम्मी. 2800 किंवा 5000 आलं तर एरर कितीही गोड असो, विश्वास ठेवू नका. नंतर बाक काढलेल्या चित्रात तीच स्टीलची पट्टी आधी मधोमध, मग कडेला ठेवून 100 मिमी मोजा. या पट्टीचा फोटो कॅलिब्रेशनमध्ये नव्हता, म्हणून तिची साक्ष खरी.

एक गोष्ट मात्र कॅलिब्रेशन सुधारणार नाही. तुमचा हिशेब पट्ट्याच्या पातळीवरचा आहे आणि हळकुंडाला जाडी असते. 15 मिमी जाड हळकुंडाची कड पट्ट्यापासून साडेसात मिमी वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तेवढी जवळ. 60 सेंटिमीटरवरून ते सव्वा टक्का मोठं दिसतं : 50 मिमीचं हळकुंड अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्तच लांब भरेल. प्रतवारीत एवढा फरक चालत नसेल तर सरासरी जाडी धरून तेवढं वजा करायला मुलाला सांगा.

प्रश्न : घरातला बुद्धिबळाचा लाकडी पट यासाठी वापरता येईल का? मला दोन कॅमेऱ्यांनी अंतर मोजायचं आहे.
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : एका कॅमेऱ्यापुरता चालून जाईल, पॉलिश चमकत नसेल आणि भोवती पांढरी कड लावलीस तर. कोपरे 7 बाय 7 सांग. दोन कॅमेऱ्यांना मात्र तो नको. 8 बाय 8 चा पट अर्धा फिरवला तरी तसाच दिसतो, त्यामुळे डाव्या कॅमेऱ्यानं एका टोकापासून आणि उजव्यानं दुसऱ्या टोकापासून कोपरे मोजले की सगळं अंतर विस्कटतं. एक बाजू सम आणि एक विषम असा, म्हणजे 10 बाय 7 चा, पट छाप. तो अर्धा फिरवला तर काळ्याच्या जागी पांढरा येतो आणि सुरुवात कुठून हे ठरवता येतं. घरचा पट घडीचा असेल तर एका कॅमेऱ्यालाही वापरू नकोस : बिजागरीपाशी त्याचे दोन्ही अर्धे एका पातळीत राहत नाहीत.