कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मॅचला चारच गुण करणाऱ्या माझ्या भावाला कोच बाहेर का बसवत नाहीत?

ताई, बसवूच नये! परवा इंदूरला रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये असाच एक कॉलेजचा पोरगा पाहिला. बाहेर चाललेल्या बॉलवर आडवा झेपावला, कोपर सोललं, पण बॉल आत ढकलला आणि सोबत्याने लेअप मारला, म्हणजे रिंगच्या जवळून बॉल टाकला. त्याच्या नावावर गुण शून्य, पण काम संघाच्या उपयोगाचं.

आपल्याच संघाचा शॉट रिंगला लागून परतला आणि रिबाउंड घेतला, म्हणजे तो परतलेला बॉल पकडला, की फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमाने शॉट मारायला नवे 14 सेकंद मिळतात. धडकणाऱ्याच्या वाटेत आधीच पाय रोवून उभं राहिलं तर फाउल धडकणाऱ्याचा, पाच झाले की तो बाहेर. अमेरिकेचा खेळाडू डेनिस रॉडमनची सरासरी मॅचला जेमतेम 7 गुणांची, तरी तिथल्या एनबीए लीगमध्ये सलग 7 हंगाम रिबाउंडमध्ये पहिला. पुढच्या मॅचला भावाचे रिबाउंड वहीत मोजाच.